नेरळ-माथेरान मिनी ट्रेन: एका सीझनमध्ये पाच फेऱ्या झाल्यावरचा अनुभव

नोव्हेंबर २०२४ ते मे २०२५ या काळात मी या गाडीने पाच वेळा प्रवासाला निघालो, त्यातल्या चार वेळा गाडी मिळाली, एकदा नाही. राहतो डोंबिवलीला, त्यामुळे दर वेळी सकाळी जाऊन रात्री घरी असाच प्लॅन. बरेच जण विचारतात की एका दिवसात होतं का, तर होतं, पण बहुतेक लोक प्लॅन उलटा करतात म्हणून सविस्तर लिहितोय.

उलटा म्हणजे काय, तर आधी माथेरानचे पॉइंट ठरवायचे, मग जेवण कुठे ते, आणि मग "जाताना मिनी ट्रेनने जाऊ" म्हणून ती मधे कुठेतरी बसवायची. असं होत नाही. गाडी सगळ्यात आधी धरा, तीच त्या दिवसाची सहल आहे असं समजा, वर जे काही बघून होईल ते जास्तीचं.

आमची पहिली फेरी नोव्हेंबरमधल्या रविवारी, पावसाळ्यानंतर गाडी नुकतीच सुरू झालेली. त्या सीझनला नेरळहून वर जायला सकाळी ८.५० आणि १०.२५ अशा दोन गाड्या होत्या आणि माथेरानहून खाली यायला दुपारी २.४५ आणि ४.०० (जाण्याआधी चालू टाइमटेबल बघाच, वेळा बदलत असतात). आम्ही आरामात सव्वाआठला नेरळला उतरलो आणि लाइन बघूनच कळलं की आज काही खरं नाही. तिकीट तिथल्या तिथे काउंटरवर मिळतं, गाडी सुटायच्या साधारण पाऊण तास आधी, आणि गाडीला डबे मोजून पाच-सहा, त्यातही सगळी जागा पॅसेंजरची नसते. चूक आमची होती. दहा पंचवीसचं पण जमलं नाही, मुलगी रडवेली झाली, शेवटी शेअर टॅक्सीने दस्तुरीला गेलो, म्हणजे मोटारी जिथपर्यंत जातात तिथे, आणि तिथल्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटलने, म्हणजे तेवढ्याच टप्प्यात ये-जा करणाऱ्या गाडीने. शटल छान आहे पण ते वरच्यावरचं दोन-तीन किलोमीटरचं अंतर, मुख्य घाट त्यात येतच नाही. शटलमध्ये बसून "मिनी ट्रेन केली" म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नेरळवरून एकदा तरी बसा.

दुसरी फेरी जानेवारीत मंगळवारी, मी रजा टाकली आणि बाबांना घेऊन गेलो. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, सत्तरच्या दशकात मित्रांबरोबर याच गाडीने गेले होते तेव्हा वाफेचं इंजिन होतं. सकाळी पावणेसातला नेरळला पोचलो, बाबांना बाकावर बसवलं, वडापाव आणि चहा आणून दिला आणि मी लाइनीत तिसरा. तिकीट हातात आलं तेव्हा खरंच सांगतो, बोर्डाच्या रिझल्टला झाला नव्हता इतका आनंद झाला.

अंतर २१ किलोमीटर आणि वेळ दोन तास चाळीस मिनिटं, म्हणजे ताशी आठ किलोमीटर. काही जणांना हे कंटाळवाणं वाटतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हळू जाण्यातच सगळं आहे. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, वळणं इतकी आवळ की खिडकीतून आपलंच इंजिन समोरून जाताना दिसतं. जुम्मापट्टीला गाडी थांबते, तिथपर्यंत मोकळं माळरान आणि पाड्यावरची घरं, त्यानंतर भेकरा खुडकडे खरा घाट लागतो. मग लाइनवरचा एकुलता एक बोगदा, वन किस टनेल, नाव का पडलं ते आत शिरल्यावर लगेच कळतं, शिरलो म्हणेपर्यंत बाहेर. पुढे वॉटर पाइप स्टेशन. इथे बाबा तासाभरात पहिल्यांदा बोलले, "इथं इंजिन पाणी प्यायचं रे, आम्ही उतरून डोळ्यांतली कोळशाची भुकटी धुवायचो." आता डिझेल इंजिन आहे, भुकटी नाही आणि पाण्याची गरज नाही, पण स्टेशनाचं नाव तेच राहिलंय.

ही लाइन १९०४ ते १९०७ मध्ये बांधली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, पैसा त्यांच्या वडिलांचा, सर आदमजींचा, सोळा लाखांच्या आसपास. एका कुटुंबाने डोंगरावर रेल्वे नेली हे मी बाबांना सांगत होतो तर समोरच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, परत सांगा, माझ्या नातवाला ऐकू दे. आणि बंद किती वेळा पडली बघा: २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले ते २००७ ला सुरू, मे २०१६ मध्ये लागोपाठ दोनदा डबे घसरले म्हणून परत बंद, ती सुरू झाल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये पावसाने लाइन उखडली आणि थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळवरून गाडी सुटली. तीन वर्षं! त्या दुरुस्तीत काँक्रीटचे स्लीपर टाकले, जाळीत दगड भरून भिंती घातल्या, दरीच्या बाजूला कठडे केले, हे सगळं गाडीतून स्वच्छ दिसतं, मुलांना दाखवा. आजही दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंदच ठेवतात, फक्त शटल चालतं, म्हणून जून ते ऑक्टोबरमध्ये या प्रवासाचा प्लॅन करूच नका.

खिडकीच्या बाजूवरून भांडू नका. नागमोडी चढामुळे दरी कधी डावीकडे येते कधी उजवीकडे. मार्चमध्ये एकदा मोठ्या काचांच्या व्हिस्टाडोम डब्यात बसलो, बसायला मऊ आहे, म्हाताऱ्या माणसांना बरं, पण भाडं बरंच जास्त आणि मला स्वतःला साध्या सेकंड क्लासची उघडी खिडकी जास्त आवडली, जंगलाचा वास येतो, चाकांचा आवाज येतो.

आता परतीचं. मार्चमध्येच दोन्ही बाजूंनी गाडी करून बघितली. साडेअकराला पोचलात आणि २.४५ ची धरायची तर पुन्हा लाइनीत उभं राहावं लागतं, म्हणजे हातात उरतात जेमतेम दोन तास. ४.०० ची धरली तर थोडं बरं, पण तिकीट नाही मिळालं तर संध्याकाळी लहान मुलं घेऊन धावपळ. उतरताना ब्रेक लावत लावत गाडी खाली येते आणि उन्हं कलती असतात, ते सुंदर आहेच, पण मुक्काम असेल तर करा. दिवसाच्या सहलीला माझं ठरलंय: जाताना गाडी, येताना शटल आणि दस्तुरीहून शेअर टॅक्सी. टॅक्सीत बसण्याआधी सीटचा रेट विचारून घ्या, एकदा एकाने खाली आल्यावर वेगळाच आकडा सांगितला होता.

वर काय बघायचं ते थोडक्यात. गाड्या-मोटारी वर येत नाहीत, चालायचं, घोडा किंवा ई-रिक्षा. बाबांना घेऊन आम्ही फक्त बाजारपेठ आणि जवळचा खंडाळा पॉइंट केला, मधे जेवण, एवढंच, आणि पुरलं. चालू शकणाऱ्यांनी शार्लोट लेक आणि काठावरचं पिसरनाथाचं मंदिर करावं. चप्पल नको, बूट घाला, लाल माती मोज्यात जातेच. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं हिसकावतात.

पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल पकडायची, भिवपुरी रोडनंतर लगेच नेरळ.

मेमधली फेरी गर्दीची आणि उकाड्याची झाली, जुम्मापट्टीपर्यंत घाम, वॉटर पाइपनंतर वारा लागला. डिसेंबर-जानेवारीतला मधला वार याला तोड नाही. नाशिकची आत्या आता दिवाळीनंतर यायचं म्हणतेय, तिला सुट्टी फक्त रविवारचीच. मी कळवलंय, आदल्या रात्री आमच्याकडे राहायला ये, पहाटेची कर्जत लोकल धरू, सहाला नेरळ. बाबा म्हणाले, मी पण येतो, लाइनीत मी उभा राहीन.