‘इन्स्पेक्शनचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

बांधकामाच्या साइटवर परवान्याचा फलक लागला की परवाना क्रमांक, ठेकेदाराचं नाव आणि बऱ्याचदा फोन नंबरही रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता येतो. फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. फोन येतो: तुमच्या साइटबद्दल तक्रार आली आहे, परवा तपासणी आहे, सुरक्षेचे कागद पूर्ण नसतील तर काम बंद होईल. परवाना क्रमांक बिनचूक सांगितल्यामुळे शंका येत नाही. दुसऱ्या दिवशी जॅकेट आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस येतो, चार त्रुटी तोंडी दाखवतो आणि जाताना एका एजन्सीचं नाव सांगतो. एजन्सी सगळं ‘पॅकेज’मध्ये करून देते: फायर सिलिंडर रिफिल, चेन ब्लॉक (जड वस्तू उचलायची साखळीची कप्पी) आणि स्लिंगची (भार बांधायचा पट्टा किंवा दोर) लोड टेस्ट, अर्थिंग (गळतीची वीज जमिनीत नेणारी जोडणी) रिपोर्ट, परांची वापरायला सुरक्षित असल्याचे टॅग. अर्ध्या दिवसात जाडजूड फाइल हातात पडते.

खरी तपासणी होते तेव्हा ती फाइल टिकत नाही. पैसे तर गेलेलेच असतात, वर खोटा कागद सादर केल्याचा ठपका ठेकेदारावर येतो, कारण फाइलवर सही त्याची असते. आणि मधल्या काळात माणसं त्याच न तपासलेल्या साखळीखाली काम करत असतात. आम्हाला सर्वांत जास्त संताप याचाच येतो.

आधी तो तपासनीस. त्याने दिलेल्या कार्डावरच्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही, तिथे त्याचाच साथीदार बसलेला असतो. कार्यालयाचा नंबर स्वतः अधिकृत ठिकाणाहून शोधून लावा. त्रुटी लेखी मागा: कोणता नियम, काय कमी आहे, मुदत किती. शुल्क असेल तर ते कार्यालयाच्या खिडकीवर किंवा पोर्टलवर भरून पावती घ्यायची. एकाच एजन्सीचं नाव पुढे करणं तपासनिसाच्या कामात बसत नाही. ते झालं की तिथेच थांबा.

फायर सिलिंडरमधली फसवणूक सगळ्यात सोपी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त. ड्राय पावडरच्या सिलिंडरचं खरं रिफिल म्हणजे दाब सोडायचा, व्हॉल्व्हचं डोकं उघडायचं, जुनी पावडर काढायची, आतून गंज आणि नळी बघायची, ओ-रिंग बदलायची, वजन करून नवी पावडर भरायची, कोरड्या नायट्रोजनने दाब द्यायचा आणि गळती तपासायची. फसवणारे फडकं मारतात आणि नवं स्टिकर चिकटवतात. दाब उतरलेला असेल तर साध्या कॉम्प्रेसरची हवा भरतात. त्या हवेतल्या ओलाव्याने पावडरीचे गोळे होतात. काटा हिरव्यात दिसतो, पण आगीवर धरल्यावर नुसती हवा सुटते. काटा फक्त दाब सांगतो, पावडरीची अवस्था नाही. यावर बिनखर्चाचा उपाय आहे. सिलिंडर देण्याआधी व्हॉल्व्ह आणि मान यांच्या सांध्यावर दोन्हींना छेदून जाईल अशी रंगाची बारीक रेघ मारा. परत आल्यावर रेघ अखंड असेल तर डोकं उघडलेलंच नाही. बॉडीवर पंच केलेला अनुक्रमांक लिहून ठेवा, म्हणजे चांगला नेऊन जुना आणून देता येणार नाही. लेबलवर छापलेल्या एकूण वजनाशी वजनकाट्यावरचं वजन ताडा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सहसा दाबाचा काटा नसतो, तिथे वजन हाच पुरावा. आतला वायू १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर तो भरून घ्यायलाच हवा. सगळे सिलिंडर एकदम देऊ नका, तेवढा वेळ साइट उघडी पडते.

लोड टेस्टच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: वजन कुठून आलं? २ टनांच्या चेन ब्लॉकची प्रूफ लोड चाचणी (क्षमतेपेक्षा जास्त भार लावून बघणं) लागू नियमाप्रमाणे सव्वापट ते दीडपट भाराने होते, म्हणजे अडीच ते ३ टन. एवढी वजनं किंवा लोड सेल (भार मोजणारं यंत्र) गेटमधून आत आल्याची नोंद नसेल, तर चाचणी झालेलीच नाही. खऱ्या चाचणीत भार जमिनीपासून थोडा वर उचलून धरतात आणि ब्रेक सरकतो का ते बघतात. हुकाचं तोंड आधी आणि नंतर मोजतात, ते कायमचं उघडलेलं दिसलं की हुक बाद. सर्टिफिकेटवर ब्लॉकवर ठोकलेला अनुक्रमांक, लावलेला भार, तारीख आणि लोड सेलच्या कॅलिब्रेशनचा क्रमांक हवा. ‘चेन ब्लॉक, ४ नग, सुस्थितीत’ असं लिहिलेला कागद कचरा समजा. स्लिंगचं लेबल फाटलेलं असेल तर तिची क्षमताच कळत नाही. तिला सर्टिफिकेट देणारा तिथेच उघडा पडतो.

अर्थिंग रिपोर्ट टेबलावर बसून भरलेला असेल तर सगळ्या पॉइंटची रीडिंग सारखीच निघतात. प्रत्यक्ष मोजल्यावर खड्डा, माती, ओल, वायरची लांबी यांनुसार आकडे बदलतातच. गळती झाली की वीज तोडणाऱ्या ब्रेकरबाबत ‘टेस्ट बटण दाबलं, ट्रिप झालं’ हा पुरावा मानू नका. बटण ब्रेकरच्या आतच गळती तयार करतं, त्यामुळे अर्थची वायर तुटलेली असली तरी तो ट्रिप होतो. ३० मिलिअँपिअरच्या ब्रेकरसाठी टेस्टरने मोजलेला वेळ मागा. ठरलेल्या गळतीला तो ३०० मिलिसेकंदांच्या आत हवा.

परांचीबाबत एक प्रकार फार घातक आहे. एजन्सी आधीच सही केलेल्या हिरव्या टॅगचं पुस्तक देऊन जाते, सुपरवायझर दर आठवड्याला तारीख टाकून एक लटकवतो. मध्येच प्लास्टरवाले अडचण होते म्हणून परांची भिंतीला बांधून ठेवणारे टाय काढतात, पावसाने बेस प्लेटखालची फळी खचते, आणि टॅग हिरवाच. टॅगवर सही करणारा त्या दिवशी परांचीवर चढलेला असला पाहिजे.

क्यूआर कोडवरही भरवसा नको. तो स्कॅन केल्यावर उघडणारं ‘व्हेरिफाइड’ पान एजन्सीनेच बनवलेलं असू शकतं. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत प्रयोगशाळा स्वतः शोधा, ती याच चाचणीसाठी मान्य आहे का ते बघा आणि यादीतल्या पत्त्यावर सर्टिफिकेट पाठवून ‘हे तुम्हीच दिलं का’ असं लेखी विचारा. कित्येकदा मूळ कागद खरा असतो, फक्त अनुक्रमांक बदललेला असतो.

फाइल आधीच घेतली असेल तर ती फाडू नका, तोच पुरावा आहे. संबंधित सामान वापरातून काढून लाल टॅग लावा, खऱ्या संस्थेकडून फेरतपासणी ठरवा. पालिकेला आणि विमा कंपनीला स्वतःहून लेखी कळवा, अधिकाऱ्याने पकडायची वाट बघू नका. पोलिसांतल्या तक्रारीला फोन नंबर, पैसे गेलेल्या खात्याचा तपशील, गेटची नोंदवही आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जोडा. फुटेज सगळ्यात आधी कॉपी करून घ्या, कारण रेकॉर्डर भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं.