पेडल जनरेटर: सात महिने वापरल्यानंतर

वीजबिल कमी करायला कुणी सायकल चालवून वीज बनवणारं हे यंत्र घेणार असेल तर घेऊ नका. सात महिन्यांत याच्या मीटरवर साडेनऊ युनिट जमलेत, तेही घरातल्या चौघांचे मिळून. दहा रुपये युनिट धरलं तरी शंभर रुपये होत नाहीत, आणि स्टँड, मोटर, बॅटरी मिळून चौदा हजार गेले. तरी मी ते विकणार नाही. वर्षानुवर्षं न टिकलेला माझा व्यायाम याच्यावर टिकला.

जुन्या सायकलचं मागचं चाक स्टँडवर उचललेलं, पट्ट्याने 24 व्होल्टच्या मोटरला जोडलेलं, आणि तिथून तारा 12 व्होल्टच्या बॅटरीला. घरात नियम एकच: मोबाइल याच बॅटरीवर चार्ज करायचे. मी 60 वॉटवर चाळीस मिनिटं चालवते, म्हणजे 40 वॉट-तास. बॅटरीत जाता-येता थोडी वीज वाया जाते, उरलेल्यात जेमतेम दोन मोबाइल भरतात. कंटाळा केला की दुसऱ्या दिवशी दुपारी फोन बंद पडतो. सुरुवातीला 60 वॉट दहा मिनिटंही जमत नव्हते.

कोपनहेगनच्या क्राउन प्लाझा हॉटेलने 2010 मध्ये पाहुण्यांसाठी अशाच सायकली ठेवल्या होत्या. 10 वॉट-तास वीज काढली की जेवण मोफत. कल्पना छान, पण पाहुणा दोन दिवसांनी निघून जातो. रोजची सवय लागायला बक्षीस रोजच्या गरजेचंच हवं, असं मला वाटतं.

इस्त्री, मिक्सर मात्र विसरा. रॉबर्ट फोर्स्टेमान या जर्मन ट्रॅक सायकलपटूने 2015 मध्ये 700 वॉटचा टोस्टर चालवून पावाचा एक तुकडा भाजला आणि तो जमिनीवर आडवा झाला.

आता तक्रार. विक्रेत्याने मोटर आणि बॅटरीच्या मध्ये डायोडच, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, दिला नव्हता. मी उतरले तरी मागचं चाक आपोआप फिरत राहिलं, म्हणजे बॅटरीच मोटर चालवत होती! रात्रीतून बॅटरी उतरली. फोन केला तर उत्तर नीट मिळालं नाही; शेवटी गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिककडून डायोड बसवून घेतला. घेताना हे आधी विचारा. पट्टाही दोनदा बदलला. आवाज बराच होतो, रात्री नऊनंतर आम्ही चालवत नाही.

मुलाने एकदा बॅटरी काढून थेट दिवे जोडले. 9 वॉटचा एक दिवा लावला तर पाय सहज फिरतात; सहा लावले की घाट चढल्यासारखं जड होतं. तेव्हापासून मागच्या खोलीतला दिवा तो न सांगता बंद करतो.

सासूबाई बहात्तर वर्षांच्या. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी हळू सायकल सांगितली होती, पण त्या बसायला तयार नव्हत्या. आम्ही देव्हाऱ्यात 3 वॉटचा दिवा याच बॅटरीवर लावला. आता त्या रोज संध्याकाळी दहा मिनिटं, 15 वॉटवर, चालवतात. तेवढ्यात आरती होऊन हरिपाठ संपेपर्यंत दिवा पुरतो. मी कधी त्यांच्या वाटची दहा मिनिटं चालवायला गेले तर मला उठवतात.