किट विमानासाठी घेतलेलं जुनं इंजिन आणि त्याचं खोटं लॉगबुक

घरी किट विमान बांधताना पत्रे, पंखांच्या रिब (फासळ्या), स्पार (तुळया) किट कंपनीकडून येतात. इंजिन मात्र बहुतेक वेळा आपलं आपणच शोधायचं असतं. नवं खिशाला झेपत नाही, म्हणून माणूस जुन्याच्या मागे लागतो, आणि हे ठगांना चांगलं ठाऊक असतं.

मला मिळालं ते लायकॉमिंगचं ओ-320, चार सिलिंडरचं. विकणारा म्हणाला, अर्धवट राहिलेल्या विमानाचं आहे, ओव्हरहॉल, म्हणजे सगळं उघडून दुरुस्ती, करून ठेवलंय, त्यानंतर एकदाही सुरू केलेलं नाही. सोबत कोरं करकरीत लॉगबुक, म्हणजे इंजिनाच्या तासांची आणि दुरुस्त्यांची वही, त्यात एकच नोंद: ओव्हरहॉल, एकूण तास शून्य. जुनी लॉगबुकं घर बदलताना गहाळ झाली म्हणे. रंग ताजा, सिलिंडरच्या फिन्समध्ये धुळीचा कण नाही. लग्नाला उभ्या केलेल्या नवरदेवासारखं नटवलं होतं.

पैसे देऊन झाले. इंजिन विमानावर चढवण्याआधी एका जुन्या जाणत्या मेकॅनिकला दाखवलं. तो लॉगबुकापाशीच अडला. अमेरिकी नियमांप्रमाणे शून्य तासांचं नवं लॉगबुक फक्त उत्पादक किंवा त्याने मान्यता दिलेली संस्था देऊ शकते, तेही इंजिन रीबिल्ट, म्हणजे नव्याच्या मापांना उतरेल असं पुन्हा बांधलेलं, असेल तरच. बाकी कुणी कितीही झकास ओव्हरहॉल केलं तरी जुने तास पुसले जात नाहीत. ओव्हरहॉलनंतरचे तास तेवढे नव्याने मोजतात. शिवाय कोणते भाग बदलले, कोणती मापं घेतली, याचा नोंदीत पत्ताच नव्हता. नुसती सही.

मग त्याने क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) फ्लँजला, म्हणजे प्रोपेलर बसतो त्या चकतीला, डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावला आणि शाफ्ट हाताने फिरवला. काटा डोलत राहिला. फ्लँज वाकलेली होती, म्हणजे कधीतरी चालू इंजिनाचं प्रोपेलर जमिनीवर आपटलं असणार. यातला खरा धोका मागच्या बाजूला असतो. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला बोल्टने बसवलेला एक गिअर असतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, ठिणगी देणारे मॅग्नेटो सगळे त्याच्या जोरावर फिरतात. आपटीच्या धक्क्याने त्याची पकड सैल झाली आणि तो हवेत निसटला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद. एफएए या अमेरिकी विमान नियामक संस्थेचा 2004 चा आदेश याचसाठी आहे: लायकॉमिंगच्या अशा इंजिनाचं प्रोपेलर आपटलं की तो गिअर तपासायचा आणि बोल्ट नवा घालायचा. आमच्या लॉगबुकात आपटीचाच उल्लेख नाही, तर तपासणी कुठली!

सिलिंडर उतरवल्यावर उरलीसुरली शंका फिटली. कॅमच्या लोबवर (उंचवट्यांवर) गंजाचे खड्डे. या इंजिनात कॅम क्रँकशाफ्टच्या वर असतो, त्यामुळे पडून राहिलं की तेल ओघळतं आणि कॅम कोरडा पडतो. ओव्हरहॉलनंतर पडून राहिलं तरी गंज धरू शकतो, तेवढा संशयाचा फायदा मी दिलाही असता. पण पिस्टनच्या माथ्यावर जळक्या कार्बनचा जाड थर होता. कधी सुरूच न केलेल्या इंजिनात कार्बन येईल कुठून? आत कुणी हातच घातला नव्हता. बाहेरून धुतलं आणि रंग फासला, एवढंच ओव्हरहॉल.

विकणारा आधी म्हणाला, वाहतुकीत आपटलं असेल. मग फोन बंद.

याच सौद्यात विमानाचे म्हणून बोल्टही दिले होते, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर कसलीच खूण नव्हती. साध्या पोलादी एएन (विमानासाठीच्या प्रमाणित) बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. ती नसेल तर बोल्ट बाजूला टाका.

जुनी लॉगबुकं नसतील तर ओव्हरहॉल झालेलंच नाही असं धरून भाव करा. सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत डोकावायची बारीक दुर्बीण) घालू द्यायला किंवा फ्लँज मोजू द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊच नका. आणि नोंदीत ज्या वर्कशॉपचं नाव असेल त्याचा नंबर स्वतः शोधून पैसे देण्याआधी फोन करा. विकणाऱ्याने दिलेला नंबर नको. माझ्या लॉगबुकातलं वर्कशॉप खरंच अस्तित्वात आहे. या अनुक्रमांकाचं इंजिन त्यांच्याकडे कधी आलेलंच नाही, असं त्यांनी लेखी दिलं, आणि तोच कागद मी तक्रारीला जोडला आहे.