आरोग्य धोरणाचा फुकट अभ्यास: आधी अहवाल, मग आकडे, कोर्स शेवटी

आरोग्य धोरण शिकायचं म्हटलं की बहुतेक जण एखाद्या मोफत कोर्सला नाव नोंदवतात. व्याख्या पाठ होतात. पण अमुक देशात दवाखाने कुणाच्या पैशावर चालतात, असं विचारलं की गाडी तिथंच अडते.

त्यावर सगळ्यांत उपयोगी म्हणजे देशोदेशींच्या आरोग्य व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या ‘युरोपियन ऑब्झर्व्हेटरी’ या संस्थेचे ‘हेल्थ सिस्टिम्स इन ट्रान्झिशन’ हे देशवार अहवाल. पीडीएफ मोफत, खातं उघडायची भानगड नाही. त्यांचं बळ साच्यात आहे: देश कुठलाही असो, प्रकरणं जवळपास तीच आणि क्रमही तोच. तिसरं प्रकरण पैशाचं. जर्मनी आणि ब्रिटन यांचं एवढंच प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचावं. एकीकडे पैसा मुख्यतः विमा निधींतून येतो, दुसरीकडे करांतून. त्यातली पैशाच्या प्रवाहाची आकृती हाताने कागदावर काढावी; बाण कुठून निघतो, कुणाच्या हातातून जातो आणि दवाखान्यापर्यंत कसा पोचतो, हे त्याशिवाय डोक्यात बसत नाही. अहवाल जाडजूड असतात ही अडचण आहेच, आणि काही देशांचे तर बरेच जुने आहेत. मुखपृष्ठावरचं वर्ष आधी बघावं.

आकड्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा ‘ग्लोबल हेल्थ एक्स्पेंडिचर डेटाबेस’ घ्यावा. 2000 पासूनची मालिका एक्सेलमध्ये उतरवता येते. सुरुवातीला दोनच रकाने पुरेत: चालू आरोग्य खर्च जीडीपीच्या किती टक्के, आणि त्यातला लोकांच्या खिशातून थेट गेलेला वाटा किती. घोटाळे पुढे होतात. चालू खर्चात इमारती आणि यंत्रसामग्रीवरची भांडवली गुंतवणूक धरलेली नसते, त्यामुळे अर्थसंकल्पातल्या आकड्याशी तो जुळत नाही. डॉलरमधला आकडा विनिमय दराबरोबर हलतो. देशांची तुलना करायची तर क्रयशक्तीनुसारचा, म्हणजे तेवढ्या पैशात त्या देशात प्रत्यक्ष काय विकत घेता येतं ते धरून काढलेला, रकाना निवडावा. योजनानिहाय रकान्यांत सक्तीचा विमा सरकारी योजनांच्याच गटात येतो, मग तो खासगी कंपनी का चालवत असेना. नेदरलँड्सचा तक्ता पाहून नवखे चक्रावतात ते यामुळेच.

आजारांच्या ओझ्यासाठी, म्हणजे आजार आणि मृत्यू यांनी किती नुकसान होतं ते पाहायला, ‘जीबीडी कम्पेअर’ (जीबीडी म्हणजे ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’) हे संकेतस्थळ दिसायला देखणं, पण जपून वापरायचं. त्यातले बरेच आकडे थेट मोजलेले नसतात, गणिती प्रारूपातून काढलेले अंदाज असतात. सोबतची अनिश्चिततेची मर्यादा (अंदाज खाली-वर कुठपर्यंत जाऊ शकतो ते) न वाचता मधलाच आकडा उचलू नये. प्रत्येक नव्या आवृत्तीत मागची वर्षंसुद्धा नव्याने मोजली जातात. जुन्या आवृत्तीतलं एक वर्ष आणि नव्यातलं दुसरं जोडून ‘वाढ झाली’ म्हणणं सरळ चूक. ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या संकेतस्थळाचे आलेख झटपट समजतात, उद्धृत करताना मात्र आलेखाखाली दिलेला मूळ स्रोत उघडावा.

एवढं हाताळून झालं की कोर्स घ्यायला हरकत नाही. व्हिडिओ मोफत आणि प्रमाणपत्राला पैसे, असा प्रकार सर्रास असतो. नाव नोंदवण्याआधीच तेवढं तपासून घ्या.