कॉमन पोर्ट, सेपरेट पोर्ट की कॉन्टॅक्टर? हायब्रिड इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी बीएमएस निवडताना

बीएमएसचे (सेल जपणारा, गरज पडली की करंट तोडणारा बॅटरीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) अँपिअर पाहण्याआधी वायरिंग पाहा. हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवर लोड चालवणारा आणि तिला चार्जही करणारा) किंवा रीजन ब्रेकिंगचा (ब्रेक लावताना मोटरची वीज बॅटरीत परत पाठवणारा) मोटर कंट्रोलर ज्या दोन तारांतून करंट ओढतो, त्याच तारांतून बॅटरीत करंट परतही ढकलतो. निम्मी निवड इथेच होऊन जाते. खालचे आकडे 16 सेलच्या, 51.2 व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकचे आहेत.

सेपरेट पोर्ट

यात बोर्डाला दोन वेगळी मायनस टोके: लोड पी-मायनसवर आणि चार्जर सी-मायनसवर. चार्जिंगचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) कमी लागतात, म्हणून बोर्ड स्वस्त. वेगळा चार्जर असलेल्या साध्या इलेक्ट्रिक सायकलला पुरेसा. पण हायब्रिड इन्व्हर्टर पी-मायनसवर जोडला की चार्जिंगचा मॉस्फेट त्या वाटेत येतच नाही. सेल 3.65 व्होल्टच्या वर गेला, बीएमएसने चार्ज बंद केला, तरी करंट आत येतच राहतो. डिस्चार्ज मॉस्फेट बंद असला तरी फरक पडत नाही, कारण त्याचा बॉडी डायोड (मॉस्फेटच्या आतलाच, एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) चार्जच्या दिशेने उघडाच असतो. सी-मायनस आणि पी-मायनस तारेने जोडून 'कॉमन' करायचा जुगाड तर मुळीच नको. संरक्षण असल्याचा फक्त भास होतो.

कॉमन पोर्ट

यात लोड आणि चार्जर दोन्ही पी-मायनसवरच, आणि दोन मॉस्फेट बँक (मॉस्फेटचे गट) पाठीला पाठ लावलेल्या असतात. एकीचा डायोड चार्जच्या दिशेने, दुसरीचा डिस्चार्जच्या. त्यामुळे दोन्ही दिशा स्वतंत्रपणे तोडता येतात: पॅक भरला तरी लोड चालतो, रिकामा झाला तरी चार्ज आत येऊ शकतो. किंमत उष्णतेत मोजावी लागते. दोन्ही बँक मिळून रोध 1 मिलीओहम धरला, तर 100 अँपिअरला 10 वॉट.

खरी अडचण एकच बँक बंद असताना येते. पॅक भरून चार्ज बँक बंद आहे आणि लोड 30 अँपिअर ओढतोय, तर तो करंट डायोडमधून जातो: 0.8 व्होल्ट गुणिले 30, म्हणजे 24 वॉट. बँक चालू असती तर अर्धा वॉटही झाला नसता. चांगला बीएमएस उलटा करंट ओळखून ती बँक पुन्हा चालू करतो. हे तपासता येते: ओव्हरचार्ज कट लागल्यावर लोड हळूहळू वाढवा आणि बी-मायनस (बोर्डाचे बॅटरीकडचे टोक) व पी-मायनसमध्ये मल्टिमीटर धरा. रीडिंग 0.6 ते 0.8 व्होल्टवरून काही मिलिव्होल्टवर उतरले तर ठीक. उतरलेच नाही तर तो बोर्ड मोठ्या लोडला लावू नका.

कॉन्टॅक्टर

सतत 150-200 अँपिअरच्या पुढे आम्ही कॉन्टॅक्टरकडे (कॉइलने चालणारा मोठा यांत्रिक स्विच) झुकू. उष्णता कमी, आणि तोडल्यावर वाट खरोखर तुटते. मात्र एकच कॉन्टॅक्टर दोन्ही दिशा एकदम तोडतो. रात्री पॅक रिकामा होऊन तो उघडला, की सकाळी सोलरचा चार्जही आत येणार नाही. चार्ज आणि लोडचे बसबार (करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्या) वेगळे करून दोन कॉन्टॅक्टर लावले तर हे सुटते, पण हायब्रिड इन्व्हर्टरला तशी विभागणी जमत नाही. कॉइलचाही हिशेब करा. 10 वॉटची कॉइल दिवसाला 240 वॉट-तास खाते. कॉन्टॅक्टर नॉन-पोलराइज्डच (दोन्ही दिशांचा करंट तोडू शकणारा) घ्या, नाहीतर उलट्या दिशेचा करंट तोडताना आर्क (संपर्कांमधली ठिणगी) विझत नाही. डीसी एमसीबीलाही (सर्किट ब्रेकर) हेच लागू, आणि तिथे ही चूक सर्रास होते.

प्रीचार्जही हवाच, म्हणजे मुख्य कॉन्टॅक्टर लागण्याआधी इन्व्हर्टरचे कपॅसिटर रेझिस्टरमधून हळू भरणे. 47 ओहमच्या रेझिस्टरने सुरुवातीचा करंट साधारण 1 अँपिअरवर राहतो. इन्व्हर्टरचे कपॅसिटर 10,000 मायक्रोफॅरड असतील तर अडीच सेकंद थांबून मुख्य कॉन्टॅक्टर लावा.

घरच्या 5 किलोवॉटच्या इन्व्हर्टरला 150 अँपिअरचा कॉमन पोर्ट बोर्ड घ्यावा. मात्र रोजचे थांबवणे त्याच्यावर सोडू नका. इन्व्हर्टरमध्ये चार्ज 56 व्होल्टला आणि लो कट 48 व्होल्टला ठेवा. भर उन्हात बीएमएसने चार्ज अचानक तोडला तर बसचे (इन्व्हर्टरच्या बॅटरीकडच्या तारांचे) व्होल्टेज उसळून इन्व्हर्टरचे नुकसान होऊ शकते. आणि डिस्चार्ज तोडला तर टर्मिनलवर व्होल्टेजच दिसत नाही; काही इन्व्हर्टर मग सोलर असूनही चार्जिंग सुरू करत नाहीत.