ग्रानादात आठ महिने राहून स्पॅनिश: पैसे किती गेले, भाषा किती आली

नाशिकला परतून चार महिने झाले, तरी भेटेल तो एकच विचारतो, ‘मग, आता फाडफाड बोलतेस का?’ फाडफाड नाही. पण फोनवरून वीज कंपनीशी भांडता येतं, डॉक्टरला दुखणं सांगता येतं आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईचे टोमणे कळतात. मे महिन्यात डेले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेची बी-२ पातळी दिली, पास झाले (पातळ्या सहा, ए-१ पासून सी-२ पर्यंत). जाताना जेमतेम बी-१ होते. म्हणजे आठ महिन्यांत एक पायरी, आणि खर्च तिकिटासकट आठ लाखांच्या किंचित आत. हे महाग की स्वस्त, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

ग्रानादाच का? माद्रिद-बार्सिलोनात खोलीचं भाडं ऐकूनच पप्पांनी पेपर तोंडासमोर धरला होता. ग्रानादा हे स्पेनच्या दक्षिणेतलं विद्यापीठाचं गाव, त्यामुळे विद्यार्थ्यांना भाड्याने खोल्या मुबलक. ग्वातेमालाचाही विचार केला होता. अँतिग्वा आणि केत्सालतेनांगो इथे एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी आणि राहणं-जेवण एखाद्या कुटुंबात, अशी पद्धत आहे आणि ती खरंच स्वस्त पडते. पण मुंबईहून तिथवरच्या विमानाच्या तिकिटात वाचवलेलं सगळं परत जातं. ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही, त्यांनी तो रस्ता जरूर बघावा. माझ्याकडे नव्हता.

आता हिशोब. युरो मला सरासरी ९५ रुपयांना पडला. क्लासची फी ३,२०० युरो, आणि ही टाळता येत नाही, कारण भाषा शिकायला म्हणून विद्यार्थी व्हिसा हवा तर आठवड्याला किमान २० तासांचा कोर्स दाखवावा लागतो. सरकारी भाषाशाळा, एस्कुएला ओफिसियाल, फार स्वस्त असतात, पण तिथे आठवड्याला चार-पाच तासच शिकवतात, तेवढ्यावर व्हिसाचं गणित बसत नाही. राहणं आठ महिन्यांचं २,२६० युरो, किराणा आणि भाजीपाला महिन्याला १७०, विमा ३८०, फोन-बस-किरकोळ महिन्याला ६०, विमानाचं तिकीट ६२ हजार रुपये. शिवाय व्हिसासाठी महिन्याला ६०० युरो याप्रमाणे रक्कम खात्यात दिसावी लागते. ती खर्च होतेच असं नाही, पण दाखवावी लागते. आमच्याकडे त्यासाठी आईची एफडी मोडली. ‘मोडली’ हा शब्द तिने पुढचे सहा महिने वापरला.

कागदपत्रांबद्दल एकच सल्ला. मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय दाखला लागतो, वर त्यांची अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, आणि भाषांतरं, आणि तिकडे पोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्राची भानगड. त्या ओळखपत्राची ऑनलाइन वेळ मिळवणं म्हणजे दिवाळीत तत्काळ तिकीट काढणं. मी अकरा दिवस रोज सकाळी तेच करत होते. पुन्हा जायचं झालं तर सहा महिन्यांच्या आतलाच कोर्स घेईन.

शाळेचं नाव लिहीत नाही, पण अनुभव लिहिते. सकाळी नऊ ते एक. शिक्षिका चांगल्या, व्याकरण पक्कं करून घेतात. पण वर्गात आम्ही बारा जण, आणि मधल्या सुटीत बाराही जण इंग्रजीत. वेबसाइटवर वर्गात जास्तीत जास्त आठ असं लिहिलेलं होतं. विचारलं तर ‘हंगाम आहे’ म्हणाले. द्राक्षांचा असतो तसा विद्यार्थ्यांचाही हंगाम असतो हे कळलं. जानेवारीत वर्ग सहावर आला तेव्हा कुठे फीचे पैसे वसूल व्हायला लागले.

खरी चूक माझी राहण्याबाबत झाली. पहिले दोन महिने चार जणींच्या फ्लॅटमध्ये होते: एक जर्मन, एक पोलिश, एक डच आणि मी. मुली गोड, घर स्वच्छ, आणि दिवसभरात स्पॅनिश शून्य. दिवाळीला मी त्यांना चकली खायला घालून इंग्रजीत नरकासुर समजावत होते तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला की यासाठी एफडी मोडली नव्हती. नोव्हेंबरअखेर तो फ्लॅट सोडला. घरमालकाने डिपॉझिट ‘रंगकामात’ जिरवलं, ३१० युरो. खोलीत शिरतानाच भिंतींचे फोटो काढून ठेवा. मी काढले नव्हते.

मग सैदीन नावाच्या कामकरी वस्तीत एका आजींच्या घरी खोली मिळाली. नवरा गेलेला, मुलं माद्रिदला. भाडं २६० युरो, वीज-पाणी धरून. शाळेच्या नोटीस बोर्डावर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती आणि तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं, कारण वायफाय नाही असं तीत स्पष्ट लिहिलं होतं.

दक्षिण स्पेन म्हणजे ऊन, असं समजून मी दोन स्वेटर घेऊन गेले होते. ग्रानादा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आणि डोक्यावर सिएरा नेवादा डोंगररांगेचा बर्फ. घरात थंडी बाहेरपेक्षा जास्त. त्यावर आजींचा उपाय म्हणजे गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड, आणि आत पायांशी विजेची शेगडी, ब्रासेरो. कापड मांडीवर ओढायचं, पाय आत घालायचे. सगळ्या घरात ऊब म्हणून ती एवढीच. त्यामुळे संध्याकाळी सात ते अकरा मी खोलीत जाऊच शकत नव्हते. टेबलाशी आजी, टीव्हीवरचा शब्दकोड्यांचा कार्यक्रम, तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण आणि मी. वीसेक दिवस मान हलवत काढले. आजी शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळायच्या, सगळा अंदालुसिया, म्हणजे स्पेनचा हा दक्षिण प्रांतच, गिळतो. ‘मास ओ मेनोस’ (कमी-जास्त)चं ‘मा ओ मेनो’. वर्गातल्या रेकॉर्डिंगमधली माणसं मला तेव्हापासून आकाशवाणीची वाटायला लागली.

डिसेंबरात एकदा भांडी घासताना बशी फुटली. मी व्याकरण जुळवून म्हटलं, ‘यो रोंपी एल प्लातो’, मी बशी फोडली. आजी दचकून आत आल्या. ‘का? रागावलीस?’ मग त्यांनी हात पुसत दुरुस्त केलं: ‘से मे आ रोतो.’ वर्गात हे वाक्य येऊन गेलं होतं, सूत्रासारखं पाठही केलं होतं. पण त्या क्षणी कळलं की हे आपलं ‘माझ्या हातून फुटली’ आहे! इंग्रजीतून स्पॅनिश शिकत होते म्हणून ते अवघड होतं. ‘मे गुस्ता’ म्हणजे सरळ ‘मला आवडतं’. त्यात कर्ता कुठे गेला म्हणून वर्गातले इंग्रज आणि अमेरिकन डोकं धरून बसत, आपण तर जन्मापासून तसंच बोलतो. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे तू आणि तुम्ही. त्या रात्री वहीला मधोमध रेघ मारली आणि डावीकडचं इंग्रजी काढून मराठी लिहायला घेतलं. माझी गाडी तिथून पळायला लागली. नाशकात कोणी स्पॅनिश शिकत असेल तर हे पहिल्या दिवसापासून करा, त्याला पैसेही पडत नाहीत. (एक खोडा मात्र आहे: आपल्याकडे भूक लागते, त्यांच्याकडे भूक असते. ‘तेन्गो आम्ब्रे’. हे मी मार्चपर्यंत चुकत होते.)

शाकाहारी असाल तर मन घट्ट करा. ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येते, ही गोष्ट खरी आणि झकास. पण ‘मांस नको’ म्हटलं की ट्यूना येतो, कारण मासा म्हणजे मांस नव्हे. मधासारखी उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी मिळतात, ती सोडू नका. बाकी मसूर-छोले दुकानात स्वस्त आणि चांगले. आईने दिलेला काळा मसाला जानेवारीत संपला, त्या आठवड्यात मात्र मिसळीच्या आठवणीने रडू आलं.

भाषा-देवाणघेवाणीच्या संध्याकाळी बारमध्ये असतात, फुकट. मी तीनदा गेले. दर वेळी समोरच्याला माझं इंग्रजी हवं होतं आणि मला नाही म्हणता येईना. त्यापेक्षा आजींबरोबर भाजी आणायला जाण्यात जास्त शिकले, घासाघीस धरून.

परीक्षेचं थोडक्यात: बी-२ला वाचन-लेखनाचा एक गट, ऐकणं-बोलण्याचा दुसरा, दोन्हींत ५० पैकी ३० लागतात. माझा दुसरा गट पहिल्यापेक्षा बराच वर होता. शाळेने पहिला दिला, शेगडीने दुसरा. आणि बी-१ इथूनच करून जा. ऑनलाइन, पुण्यातल्या शिक्षकांकडे, जसं जमेल तसं. क्रियापदं चालवण्यासाठी युरो मोजण्यात काही अर्थ नाही, आणि ए-१ घेऊन आजींच्या टेबलाशी बसले असते तर नुसते पाय शेकले असते.

ग्रानादा या शब्दाचा अर्थ डाळिंब. तिथे रस्त्यांवरच्या खांबांवरसुद्धा डाळिंब कोरलेलं असतं. गेल्या रविवारी मामाने सटाण्याहून डाळिंबांची पेटी पाठवली, तिचा फोटो आजींना टाकला. शेजारणीच्या फोनवरून व्हॉइस मेसेज आला: किलो कितीला मिळतात, आणि एवढी कोण खाणार? शेवटचे ‘स’ सगळे गिळलेले, मेसेज दोनदा लावावा लागला.