पाच सेंटांत रिचमंड

माझ्याकडे एक पाकीट आहे, १८६१ सालचं, न्यू ऑर्लीन्सहून रिचमंडला गेलेलं. पाकीट खरं आहे, त्यावरचं तिकीट खरं आहे, गावाचा शिक्काही खरा आहे. तरी ६४० डॉलर मोजून, म्हणजे पन्नास हजारांच्या वर रुपये घालून, मी जे घेतलं ते खोटं आहे. हे कसं, ते सांगतो. अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक हल्ली जुनी टपाल तिकिटं आणि कव्हरं (म्हणजे टपालातून गेलेली अख्खी पाकिटं) जमवायला लागलेत, त्यांच्यासाठी.

ही तिकिटं कुठली, ते आधी थोडक्यात. अमेरिकेतली दक्षिणेची राज्यं फुटून निघाली (त्यांनाच कॉन्फेडरेट म्हणतात) आणि १ जून १८६१ पासून त्यांनी स्वतःचं टपालखातं सुरू केलं. अमेरिकी तिकिटं तिथं बंद झाली, नवी छापून यायला ऑक्टोबर उजाडला. मधले महिने गावोगावच्या पोस्टमास्तरांनी आपापल्या परीनं भागवलं. कुणी काउंटरवर रोख पैसे घेऊन पाकिटावर ‘पेड’चा शिक्का मारला, कुणी गावातल्या छापखान्यातून स्वतःची तिकिटं काढून घेतली. मेम्फिस, मोबिल, नॅशव्हिल, चार्ल्सटन अशी नावं यात आहेत. लुइझियानातल्या माउंट लेबनन नावाच्या खेड्यात ठसा कोरणारा अक्षरं उलटी कोरायची विसरला, त्यामुळे तिकीट आरशात पाहिल्यासारखं उमटलं. त्याचा एकच नग आज ठाऊक आहे. असल्या गोष्टी वाचल्या की माझ्यासारखा माणूस खिशाकडे न बघता त्या नादाला लागतो.

गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांची तिकिटं कशाला जमवतोस, असं बायकोनं विचारलं होतं. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांच्या विरुद्ध बाजूचे हे कागद. माझ्याकडे तेव्हाही नीट उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मला टपालाचं वेड आहे, एवढंच.

हे वेड वडिलोपार्जित. बाबा सांगली जिल्ह्यात सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. शाळेत असताना मी पोस्टातल्या रद्दी पाकिटांवरची तिकिटं बशीतल्या पाण्यात भिजवून काढायचो. आता अटलांटाजवळ राहतो, आणि इथल्या तिकिटांच्या प्रदर्शनांतून हिंडतो.

न्यू ऑर्लीन्सचं पाच सेंटांचं तपकिरी तिकीट या जातीत फार दुर्मीळ नाही, म्हणून नवशिक्याला परवडतं. त्याच्यावर पोस्टमास्तरचं नाव आहे, जे. एल. रिडेल. हा गृहस्थ रसायनशास्त्राचा प्राध्यापक. दोन डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक त्यानं १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बनवला होता. त्याच्या नावाचं तिकीट मी विकत घेतलं ते फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी मोठं करून!

विकणारा गोड बोलणारा होता. आधी त्याच्याकडून दोन किरकोळ पाकिटं घेतली होती, ती अगदी ठीक निघाली. (आता कळतं, ती गळाला लावलेली गांडुळं होती.) मग हे दाखवलं. सोबत एका तज्ज्ञ संस्थेच्या प्रमाणपत्राचा फोटो. त्यावर ‘खरे, वापरलेले’ असा अभिप्राय आणि क्रमांक. चित्रात फक्त तिकीट दिसत होतं, पाकीट नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, प्रमाणपत्रावर जागा कमी असते, चित्र कापून लावतात. मला पटलं. खरं तर पटवून घ्यायचंच होतं.

ऑनलाइन पैसे देताना त्यानं सुचवलं, खरेदी म्हणून नको, ‘मित्र-नातेवाईक’ या प्रकारानं पाठव, म्हणजे फी वाचेल, ती मी किमतीत कमी करतो. वीसेक डॉलर वाचले. त्या वीस डॉलरात खरेदीदाराला मिळणारं सगळं संरक्षण मी विकून टाकलं होतं.

पाकीट आलं त्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. कौतुकाची वाट बघत होतो. बाबांनी चष्मा वर केला, पत्ता वाचला आणि विचारलं, “हे रिचमंड कुठं आलं?”

“व्हर्जिनियात. लांब आहे, उत्तरेकडं.”

“मग दर काय होता तेव्हा?”

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. पाचशे मैलांच्या आत पाच सेंट, त्यापुढे दहा. सगळीकडे सरसकट दहा झाले ते १ जुलै १८६२ पासून.

“आणि लांबी किती?”

सरळ रेषेत मोजलं तरी नऊशे मैलांच्या आसपास. एवढं बोललो आणि थांबलो.

“अरे, मग हे नॉटपेड व्हायला पाहिजे होतं की,” बाबा म्हणाले. “पाच सेंट कमी पडलेत. वसुलीचा शिक्का कुठाय? पोस्टातला माणूस पाच पैसे सोडत नाही बघ.”

बाबांनी तिकिटाकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

रात्री पाकिटाची फाटकी कड हळूच उघडून आत छोटा दिवा सरकवला. तिकिटाच्या डावीकडे काळ्या शाईत ‘पेड’ होतं. न्यू ऑर्लीन्सला तिकीट रद्द करायला हा शिक्का वापरायचे, म्हणून मला तो तिथं साजेसाच वाटला होता. उजेड लागल्यावर तिकिटाखालून आधी एक उभी रेघ दिसली, मग तिच्या शेजारी शून्याची गोल कड. ‘पेड १०’. पाठवणाऱ्यानं दहा सेंट रोख भरले होते. त्या पत्राला तिकीट कधी लागलंच नव्हतं.

मग डिजिटल सूक्ष्मदर्शक मागवला. गावाच्या शिक्क्याचं वर्तुळ पाकिटावरून तिकिटावर गेल्यासारखं दिसत होतं, त्यालाच मी भुललो होतो. पाकिटाच्या कागदावर शाई तंतूंत मुरलेली, कडा विरघळलेल्या. तिकिटावरचा तुकडा मात्र वर बसलेला, जरा चकाकणारा, आणि कडेपाशी वळण केसभर चुकलेलं. कुणीतरी बारीक निबानं काढलेलं ते. अतिनील दिव्याखाली तिकिटाभोवती निळसर पांढरी किनार चमकली. १८६१ च्या डिंकाला ती चमक नसते.

पाकीट तज्ज्ञांकडे पाठवलं. अडीच महिन्यांनी लेखी अभिप्राय आला, तिकीट खरं, पण ते या पाकिटावरचं नव्हे. प्रमाणपत्राचं कोडंही सुटलं. ते सुट्ट्या तिकिटाचंच होतं, पाकिटावर चिकटवण्याआधी काढलेलं. म्हणजे कागदही खोटा नव्हता. बिनतिकिटाचं पाकीट स्वस्त, सुटं तिकीट स्वस्त, आणि दोघांचं लग्न लावून दिलं की किंमत कितीतरी पट. यात छपाईची नक्कल नाही, म्हणून तिकिटाचा रंग आणि ठसा पुस्तकाशी ताडून काही उपयोग होत नाही. ताडायला हवा तो पत्राचा प्रवास. कुठून निघालं, कुठं पोचलं, कुठल्या महिन्यात, त्या दिवशी दर काय, आणि तेवढे पैसे पाकिटावर कुठं दिसतात.

प्रमाणपत्राचा फोटो कुणी दाखवला तर क्रमांक घेऊन संस्थेच्या नोंदीत बघा, आणि चित्रात अख्खं पाकीट आहे का ते पाहा. न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन १९४५ पासून हे काम करते, पेनसिल्व्हेनियात अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीची सोय आहे, आणि १९३५ ची कॉन्फेडरेट स्टॅम्प अलायन्स आता सिव्हिल वॉर फिलाटेलिक सोसायटी म्हणून चालते, तीही तपासून देते. चांगल्या लिलावात ‘एक्स्टेन्शन’ मागता येतं, म्हणजे तज्ज्ञांचा निकाल येईपर्यंत व्यवहार पक्का होत नाही. विकणारा याला तयार नसेल तर बोली लावू नका. मी हे मागितलंच नव्हतं.

अभिप्राय हातात येताच मी त्याला लांबलचक मेल लिहिली. रागात होतो, आणि जरा विद्वत्ताही दाखवायची होती. रिचमंडचं अंतर, दहा सेंटांचा दर, तिकिटाखालचा आकडा, वर्तुळाचं चुकलेलं वळण, सगळं मुद्देसूद, फोटोंसकट. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. आपण प्रमाणपत्र तिकिटाचंच दिलं होतं, पाकिटाबद्दल कुठलीच हमी दिली नव्हती, आणि माल परत घेण्याची मुदत तीस दिवस होती.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे नवं पाकीट विक्रीला आलं. न्यू ऑर्लीन्सहून व्हर्जिनियाला. या वेळी त्यावर पाच सेंटांची दोन तिकिटं आहेत.